ज्यांना अमेरिकेचे सगळ्यात वाईट राष्ट्राध्यक्ष म्हणतात, त्यांनीच न्यायाधीशांच्या हातातली छडी काढून घेतली होती

अमेरिकेत अधूनमधून इतिहासकार राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी लावत असतात. पहिल्या नंबरासाठी लिंकन, वॉशिंग्टन आणि रूझवेल्ट यांच्यात चुरस असते. शेवटच्या नंबरासाठी मात्र एक नाव वर्षानुवर्षं जवळपास पक्कं आहे. ते म्हणजे जेम्स बुकॅनन.

लिंकनच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष. यांच्या डोळ्यांदेखत देश फुटला आणि यांनी तो थांबवला नाही, एवढीच काय ती यांची ओळख.

पण या माणसाच्या खात्यात एक मोठं काम जमा आहे, आणि ते राष्ट्राध्यक्ष होण्याच्या पंचवीसेक वर्षं आधीचं आहे. एका वकिलाने पेपरात न्यायाधीशाच्या चुका काढल्या. न्यायाधीशाने त्याला तुरुंगात टाकलं, वर दीड वर्ष वकिली बंद केली. ते प्रकरण बुकॅनन यांनी थेट सिनेटपर्यंत नेलं. तिथे ते हरले. पण हरल्यावर महिन्याभरात त्यांनी असा कायदा मंजूर करून घेतला, जो आजही अमेरिकेच्या फेडरल न्यायाधीशांचे हात बांधून ठेवतो.

गोष्ट सुरुवातीपासून बघू.

कॉलेजमधून काढलेला पोरगा

जेम्स बुकॅनन यांचा जन्म २३ एप्रिल १७९१ चा. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोंगराळ भागात कोव्ह गॅप नावाचं ठिकाण आहे, तिथल्या एका लाकडी घरात ते जन्मले. वडील आयर्लंडमधून आलेले. त्यांनी व्यापारात चांगला जम बसवला आणि मर्सर्सबर्ग या गावात त्यांची गणना श्रीमंतांत होऊ लागली. ११ भावंडांत जेम्स दुसरे.

शिकायला ते डिकिन्सन कॉलेजला गेले. पोरगा हुशार होता, पण वागणं काही धड नव्हतं. १८०८ मध्ये कॉलेजने त्यांना काढून टाकलं. मग विनवण्या झाल्या, परत घेतलं गेलं आणि १८०९ मध्ये ते चांगल्या मार्कांनी पदवीधर झाले.

पुढे लँकेस्टर या शहरात एका नामांकित वकिलाच्या हाताखाली ते कायदा शिकले. १८१२ मध्ये सनद मिळाली. १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं तेव्हा हे स्वयंसेवक म्हणून घोडदळाच्या तुकडीत गेले. त्याच वर्षी ते राज्याच्या विधिमंडळातही निवडून आले. बाजूला वकिली जोरात सुरू झाली होती आणि काही वर्षांतच वर्षाची कमाई ११ हजार डॉलरवर गेली. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती.

याच काळातली एक केस लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढे तिचा संबंध येतो.

वॉल्टर फ्रँकलिन नावाच्या न्यायाधीशावर पेनसिल्व्हेनियात महाभियोग आला. निकाल आवडला नाही की न्यायाधीशावर महाभियोग आणायचा, असे प्रकार त्या काळात सर्रास व्हायचे. फ्रँकलिन यांचं वकीलपत्र घेतलं तरुण बुकॅनन यांनी. निकाल चुकला म्हणून न्यायाधीशाला काढता येत नाही, त्याने गुन्हा केला असेल किंवा कायदा उघड मोडला असेल तरच महाभियोग चालतो, हा त्यांचा मुद्दा होता. सिनेटर्सना तो पटला आणि फ्रँकलिन वाचले.

म्हणजे बुकॅनन यांचं करिअर सुरू झालं ते न्यायाधीशाला वाचवण्यापासून.

धंद्यात सगळं बरं चाललं असताना घरात मात्र वाईट घडलं. १८१९ मध्ये लोखंडाच्या एका बड्या कारखानदाराची मुलगी ॲन कोलमन हिच्याशी त्यांचा साखरपुडा झाला होता. गैरसमज झाले आणि तिने तो मोडला. डिसेंबर १८१९ मध्ये ती अचानक वारली. तिच्या वडिलांनी बुकॅनन यांना अंत्यविधीलाही येऊ दिलं नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी लग्न केलं नाही. कधीच लग्न न केलेले ते अमेरिकेचे आजवरचे एकमेव राष्ट्राध्यक्ष आहेत.

१८२१ मध्ये ते अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये दाखल झाले. सुरुवातीला ते फेडरलिस्ट पक्षाचे होते, मग अँड्र्यू जॅक्सन यांच्या गोटात आले. दहा वर्षं ते या सभागृहात होते आणि शेवटच्या काळात न्याय समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

या समितीच्या टेबलावर एक तक्रार पडून होती. ती होती मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसहून आलेली.

जमिनीची केस आणि लॉलेस नावाचा वकील

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश विकत घेतला. त्याआधी तिथे स्पेनचा कारभार होता. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी लोकांना मोठमोठ्या जमिनी देऊन ठेवल्या होत्या. राज्य बदललं आणि त्या जमिनींची कागदपत्रं खरी मानायची की नाही, यावरून वर्षानुवर्षं भांडणं सुरू राहिली. १८२४ मध्ये कायदा झाला की असे दावे मिसुरीच्या फेडरल जिल्हा न्यायालयात चालवायचे.

त्या न्यायालयाचे न्यायाधीश होते जेम्स पेक.

आणि दावे लढणाऱ्या वकिलांत आघाडीवर होते ल्यूक लॉलेस. वकिलाचं आडनाव लॉलेस, ज्याचा इंग्रजीत अर्थ होतो कायदा न मानणारा. मूळचे आयर्लंडचे. नेपोलियनच्या फौजेत अधिकारी होते, नंतर अमेरिकेत आले. सेंट लुईसमध्ये १८१७ साली थॉमस बेंटन आणि चार्ल्स लुकास यांच्यात पिस्तुलांचं गाजलेलं द्वंद्व झालं होतं, त्यात बेंटन यांचे साथीदार म्हणून हेच लॉलेस उभे होते. एकूण गडी गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

अँटोनी सुलार हे स्पॅनिश काळातले सर्वेअर. त्यांच्या वारसांचा मोठ्या जमिनीवरचा दावा लॉलेस लढत होते. डिसेंबर १८२५ मध्ये पेक यांनी तो फेटाळला. मार्च १८२६ मध्ये त्यांनी आपलं लांबलचक निकालपत्र एका पेपरात छापूनही आणलं.

लॉलेस यांच्या दृष्टीने हा सवाल एका केसचा नव्हता. याच प्रकारचे बाकीचे दावेही त्यांच्याकडे होते आणि या निकालाने ते सगळेच अडचणीत येणार होते. मग त्यांनी दुसऱ्या पेपरात एक लेख दिला. खाली सही होती, एक नागरिक. लेखात शिवीगाळ नव्हती, लाच खाल्ल्याचा आरोप नव्हता. न्यायाधीशांच्या निकालात कायद्याच्या आणि वस्तुस्थितीच्या अमुक अमुक चुका आहेत, एवढंच होतं. चुका होत्या १८.

पेक चिडले. त्यांनी आधी पेपरच्या संपादकाला कोर्टात उभं केलं. संपादकाच्या बाजूने बोलायला आले खुद्द लॉलेस. पुढे संपादकाने लेखकाचं नाव सांगून टाकलं. मग लॉलेस यांच्यावरच अवमानाची कारवाई सुरू झाली.

पेक यांचं म्हणणं असं होतं की लेखात निकालाची चुकीची माहिती दिली आहे, असेच इतर दावे अजून प्रलंबित आहेत, आणि लोकांचा न्यायालयावरचा विश्वास उडावा म्हणून हे लिहिलं गेलं. त्यांनी लेखातला एकेक मुद्दा कोर्टात वाचून घेतला आणि त्यावर आपलं मत दिलं. लॉलेस यांनी माफी मागितली नाही.

एप्रिल १८२६ मध्ये शिक्षा झाली. २४ तास तुरुंग आणि १८ महिने त्या कोर्टात वकिलीला बंदी.

यात खरी शिक्षा कुठली, हे कुठलाही वकील सांगेल. २४ तास तर निघून जातात. पण जे दावे फक्त त्याच कोर्टात चालतात, तिथेच दीड वर्ष पाऊल टाकायचं नाही, म्हणजे पक्षकार गेले आणि चूलही थंड.

मुद्दा नेमका काय होता?

न्यायालयाच्या अवमानाचा अधिकार अमेरिकेत आला इंग्लंडच्या कायद्यातून. त्यामागचं कारण साधं आहे. कोर्टात कुणी आरडाओरडा करत असेल, साक्षीदाराला दम देत असेल किंवा आदेश धाब्यावर बसवत असेल, तर कामकाज चालणार कसं? म्हणून न्यायाधीशाला तिथल्या तिथे शिक्षा करता आली पाहिजे.

अडचण पुढे होती. १७८९ च्या कायद्याने अमेरिकेच्या फेडरल कोर्टांना हा अधिकार दिला, पण अवमान म्हणजे नक्की काय, याची रेघ ओढली नाही. ते न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिलं. त्यामुळे कोर्टाबाहेर, निकाल लागून गेल्यावर, पेपरात केलेली टीकाही त्यात बसवता येत होती.

वर अशा कारवाईत ज्युरी नसते. ज्याच्यावर टीका झाली तोच तक्रारदार असतो, तोच साक्षीदार आणि निकाल देणाराही तोच.

वकिलाची गोष्ट तर आणखी अवघड. निकालात कुठे चूक आहे, हे सगळ्यात आधी वकिलालाच कळतं. पण त्याची रोजीरोटी त्याच न्यायाधीशासमोर उभं राहण्यावर असते. मग तो बोलणार कसा?

पेनसिल्व्हेनियाच्या लोकांना हा प्रश्न नवा नव्हता. १८०२ मध्ये फिलाडेल्फियात थॉमस पासमोर नावाच्या व्यापाऱ्याने विम्याच्या एका वादावरून कॉफी हाउसमध्ये प्रतिपक्षाविरुद्ध कागद चिकटवला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला ५० डॉलर दंड आणि ३० दिवस कैद दिली. लोक खवळले आणि तीन न्यायाधीशांवर महाभियोग आला. १८०५ मध्ये ते सुटले. पण १८०९ मध्ये राज्याने कायदाच केला आणि अवमानाच्या अधिकाराला कुंपण घातलं.

बुकॅनन यांना सनद मिळाली त्याच्या तीनच वर्षं आधीचा हा कायदा. कोर्टाबाहेरच्या लेखासाठी न्यायाधीश कुणाला तुरुंगात टाकू शकत नाही, हे त्यांच्या राज्यात सरावाचं झालं होतं. मिसुरीत मात्र न्यायालय फेडरल होतं आणि तिथे असं कुंपण नव्हतं.

सिनेटमधला खटला

लॉलेस यांनी १८२६ च्या शेवटी संसदेकडे दाद मागितली. बरीच वर्षं काही झालं नाही. त्यांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी बुकॅनन अध्यक्ष असताना न्याय समितीने प्रकरण उघडलं, साक्षी घेतल्या आणि पेक यांच्यावर महाभियोग चालवावा अशी शिफारस केली. २४ एप्रिल १८३० ला सभागृहात मतदान झालं. बाजूने १२३, विरोधात ४९.

खटला चालवायला सभागृहाने पाच जणांची टीम नेमली. त्यात प्रमुख होते बुकॅनन.

बघा गंमत. न्यायाधीश फ्रँकलिन यांना महाभियोगातून सोडवणारा वकील आता एका न्यायाधीशाला घरी पाठवायला निघाला होता. आणि आपणच मांडलेला जुना नियम त्याच्या आडवा येत होता. निव्वळ चुकीचा निकाल म्हणजे गुन्हा नव्हे. मग पेक यांनी चुकीपेक्षा जास्त काय केलं होतं?

बुकॅनन यांनी तो नियम सोडला नाही. पेक यांनी सुलार खटल्याचा निकाल बरोबर दिला की चूक, हा प्रश्नच नाही, अशी त्यांची मांडणी होती. प्रश्न होता लेखासाठी दिलेल्या शिक्षेचा. केस निकाली निघाली होती. लेखाची भाषा सभ्य होती. तो छापल्याने कोर्टाचं कुठलंही काम अडलं नव्हतं. तरीही एका नागरिकाला ज्युरीशिवाय कैद झाली आणि त्याचा व्यवसाय हिरावून घेतला गेला. नसलेला अधिकार बळकावणं हा जसा गुन्हा, तसाच असलेला अधिकार लोकांना चिरडायला वापरणं हाही गुन्हा, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पेक यांच्या बाजूने उभे होते विल्यम वर्ट. हे बारा वर्षं देशाचे ॲटर्नी जनरल राहिलेले. त्यांचा बचावही तगडा होता. अवमानाचा अधिकार शेकडो वर्षं जुना आहे, १७८९ च्या कायद्याने तो मान्य केला आहे आणि कुठल्याही कायद्यात पेक यांना अडवणारी ओळ नाही. न्यायाधीशाचा समज चुकला असेलही, पण त्याच्या मनात खोट होती हे कुठे सिद्ध झालं?

३१ जानेवारी १८३१ ला सिनेटने मत दिलं. दोषी ठरवणारे २१, निर्दोष ठरवणारे २२. दोषी ठरवायला दोन तृतीयांश, म्हणजे २९ मतं लागली असती. इथे साधं बहुमतही एका मताने हुकलं होतं. पेक सुटले आणि आपल्या खुर्चीवर परत गेले.

हरल्यावर महिन्याभरात कायदा

इथे गोष्ट संपली असती. पण वर्ट यांच्या बचावातच पुढचा रस्ता होता. कायद्यात पेक यांना अडवणारी ओळच नव्हती म्हणून ते सुटले. मग ती ओळ लिहून टाकायची.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, १ फेब्रुवारी १८३१ ला, एका सदस्याने सभागृहात मागणी केली की अवमान म्हणजे काय, हे कायद्याने ठरवण्याचा विचार न्याय समितीने करावा. समितीचे अध्यक्ष बुकॅनन. दहा दिवसांच्या आत त्यांनी विधेयक सभागृहासमोर ठेवलं. २ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांची सहीसुद्धा झाली. बुकॅनन यांची सभागृहातली कारकीर्द संपायला तेव्हा अवघे एक-दोन दिवस उरले होते.

या कायद्यात दोनच कलमं होती.

पहिल्या कलमाने सांगितलं की फेडरल कोर्ट अवमानासाठी तडकाफडकी शिक्षा तीनच बाबतींत करू शकतं. एक, कोर्टासमोर किंवा कोर्टाच्या इतक्या जवळ केलेलं गैरवर्तन की ज्याने न्यायाच्या कामात अडथळा येतो. दोन, कोर्टाच्या अधिकाऱ्यांनी आपल्या अधिकृत कामात केलेलं गैरवर्तन. तीन, कोर्टाच्या कायदेशीर आदेशाची अवज्ञा.

दुसऱ्या कलमाने कोर्टापासून दूर घडणाऱ्या गोष्टींची सोय लावली. ज्युरीतल्या माणसाला किंवा साक्षीदाराला धमकावणं, विकत घेणं, न्यायाच्या कामात आडकाठी आणणं, या सगळ्यासाठी रीतसर आरोपपत्र ठेवायचं आणि खटला चालवायचा. शिक्षा जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड किंवा तीन महिने कैद.

थोडक्यात, कोर्टरूममधली शिस्त न्यायाधीशाकडे राहिली. पेपरातली टीका त्याच्या हातातून गेली.

त्याच जानेवारीत बुकॅनन यांनी आणखी एक काम केलं होतं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. राज्यांच्या कोर्टांचे निकाल तपासण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार काढून घ्यावा, असं न्याय समितीच्या बहुमताचं मत पडलं होतं. अध्यक्ष असूनही बुकॅनन अल्पमतात गेले. त्यांनी विरोधात वेगळा अहवाल दिला आणि सभागृहाने तोच मार्ग धरला. म्हणजे हा माणूस न्यायालयांचा शत्रू नव्हता. न्यायालयाचा अधिकार टिकला पाहिजे आणि न्यायाधीशाचा राग आवरला पाहिजे, अशा दोन्ही गोष्टी तो एकाच महिन्यात मागत होता.

पेक आणि लॉलेस यांचं पुढे काय झालं?

१८३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलार यांच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. पेक यांचा निर्णय उलटला. चुका काढल्या म्हणून ज्यांना तुरुंगात टाकलं, त्या लॉलेस यांची बाजू शेवटी वर आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पेक वारले.

आणि लॉलेस? ते स्वतः सेंट लुईसमध्ये न्यायाधीश झाले होते.

त्याच एप्रिलमध्ये सेंट लुईसमध्ये फ्रान्सिस मॅकिंटॉश या स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाला जमावाने जिवंत जाळलं. अटकेच्या वेळी त्याच्या हातून एका अधिकाऱ्याचा जीव गेला होता. जमावावर खटला भरायचा का, हे ग्रँड ज्युरीला ठरवायचं होतं. न्यायाधीश लॉलेस यांनी ज्युरीला दिशा दिली की हे मोठ्या जमावाचं कृत्य असेल तर ते कायद्याच्या आवाक्याबाहेर आहे. वर गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या पेपरांवर, त्यातही एलिजा लव्हजॉय यांच्या पेपरवर, खापर फोडलं. कुणावरही खटला झाला नाही. लव्हजॉय यांच्या छापखान्यावर हल्ले झाले, त्यांनी शहर सोडलं आणि नोव्हेंबर १८३७ मध्ये ऑल्टन इथे जमावाने त्यांना ठार केलं.

पेपरात लिहिण्याच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेला माणूस खुर्चीवर बसल्यावर पेपरालाच दोषी धरू लागला. न्यायाधीशाचा अधिकार त्याच्या स्वभावावर सोडून चालत नाही, याचं यापेक्षा मोठं उदाहरण शोधायला नको.

आणि बुकॅनन?

त्यांची गाडी वर वर जात राहिली. रशियात राजदूत, मग दहा-अकरा वर्षं सिनेटर, १८४५ ते १८४९ परराष्ट्रमंत्री, मग ब्रिटनमध्ये राजदूत. १८५६ ची निवडणूक ते जिंकले.

इथे त्यांचीही परीक्षा झाली.

ड्रेड स्कॉट या गुलामाची केस सर्वोच्च न्यायालयात होती. आपल्याला स्वातंत्र्य मिळावं म्हणून तो लढत होता. शपथ घेण्याआधीच, फेब्रुवारी १८५७ मध्ये, बुकॅनन यांनी न्यायमूर्ती कॅट्रन आणि न्यायमूर्ती ग्रीयर यांच्याशी गुपचूप पत्रव्यवहार केला. ग्रीयर हे त्यांच्याच राज्यातले. त्यांनी बहुमताच्या बाजूने जावं, यासाठी बुकॅनन यांनी दबाव टाकला. निकाल काय येणार, हे त्यांना आधीच कळलं होतं. तरी ४ मार्चच्या शपथविधीच्या भाषणात, जो निकाल येईल तो सगळ्यांनी आनंदाने मान्य करावा, असा सल्ला त्यांनी देशाला दिला. दोन दिवसांनी निकाल आला. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वात बदनाम निकालांपैकी हा एक. निकालावर उघड टीका करण्याचा वकिलाचा हक्क ज्यांनी वाचवला, त्यांनीच निकालाआधी चोरून न्यायमूर्तींचे कान भरले होते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना फुटलं, पाठोपाठ आणखी सहा राज्यं. राज्यांना फुटायचा हक्क नाही, पण त्यांना बळाने अडवायचा हक्क केंद्रालाही नाही, असं बुकॅनन म्हणत राहिले. मार्च १८६१ मध्ये त्यांनी लिंकन यांच्या हाती मोडकळीला आलेला देश दिला. एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटलं. उरलेली वर्षं त्यांनी लँकेस्टरजवळच्या व्हीटलँड या घरात, स्वतःचा बचाव लिहिण्यात काढली. १ जून १८६८ ला ते वारले, वयाच्या ७७ व्या वर्षी.

कायदा मात्र जिवंत राहिला

१८७३ मध्ये आर्कान्सामधल्या रॉबिन्सन नावाच्या वकिलाची केस सर्वोच्च न्यायालयात आली. फेडरल न्यायाधीशाने अवमान केला म्हणून त्याचं नाव वकिलांच्या यादीतूनच खोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १८३१ चा कायदा काढला. अवमानाला शिक्षा दंडाची किंवा कैदेची, वकिली काढून घेण्याची नाही, असं स्पष्ट केलं. वकिलाला काढायचं असेल तर त्याला नोटीस द्या, बाजू मांडू द्या. लॉलेस यांच्या १८ महिन्यांचं उत्तर असं जवळपास अर्ध्या शतकाने मिळालं.

मध्ये एकदा कुंपण सैल झालं. १९१८ मध्ये टोलेडो शहरातल्या एका पेपरच्या केसमध्ये कोर्टाच्या जवळ या शब्दांचा अर्थ ताणला गेला आणि पेपरातलं लिखाणही त्यात बसवलं गेलं. १९४१ मध्ये नाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेक यांची सगळी कहाणी परत वाचली आणि सांगितलं की जवळ म्हणजे अंतराने जवळ. आजही हा कायदा अमेरिकेच्या फेडरल फौजदारी संहितेत जवळपास त्याच शब्दांत आहे.

भारतातही हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष व्ही. सी. मिश्रा यांना अवमानाबद्दल दोषी धरून तीन वर्षं वकिलीला बंदी केली होती. त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या वकील संघटनेने दाद मागितली. १९९८ मध्ये घटनापीठाने निकाल दिला की अवमानाची शिक्षा म्हणून न्यायालय वकिलाची सनद निलंबित करू शकत नाही, ते काम ॲडव्होकेट्स ॲक्टखाली बार कौन्सिलचं आहे. कायदे वेगळे, देश वेगळे, पण लॉलेस यांनी विचारलेला प्रश्न तोच होता.

बुकॅनन यांचा नंबर यापुढेही तळाशीच राहील, आणि त्याची कारणं पक्की आहेत. पण अमेरिकेतला एखादा वकील आज फेडरल न्यायाधीशाच्या निकालातल्या १८ चुका पेपरात छापतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोर्टात काळा कोट घालून उभा राहतो, त्यामागे फेब्रुवारी १८३१ मध्ये बुकॅनन यांनी घाईघाईत लिहून घेतलेली ती दोन कलमं आहेत.